टॅबवर काढलेलं मांगा प्रेसला द्यायचंय? खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

जळगावात एका ऑफसेट प्रेसच्या डीटीपी टेबलावर मी बसते. लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे अहवाल, निवडणूक आली की पत्रकं, हे आमचं रोजचं काम. गेल्या काही वर्षांत त्यात एक नवं गिऱ्हाईक आलंय: अठरा-वीस वर्षांची पोरं-पोरी, पाठीवर सॅक, सॅकमध्ये टॅब आणि टॅबमध्ये स्वतः काढलेलं मांगा, म्हणजे जपानी धाटणीचं कॉमिक. भुसावळहून येतात, अमळनेरहून येतात, शहाद्याहून एसटी पकडूनही येतात. चित्रं बहुतेकांची चांगली असतात. फाइल बहुतेकांची छापण्याजोगी नसते. मग तेच प्रश्न आणि माझी तीच उत्तरं. म्हणून एकदाचं लिहून काढलं.

पानं काढून झाली की प्रेसवर यायचं, की आधी?

आधी. एकही चौकट आखायच्या आधी. कॅनव्हास केवढा घ्यायचा हे तुमच्या टॅबवर ठरत नाही, प्रेसच्या कागदावर ठरतं. चार गोष्टी विचारून घ्या: कुठल्या मापाच्या तावावर छापणार, छपाईची प्लेट कॉम्प्युटरवरून थेट निघते की ट्रेसिंगवरून, बायंडिंग पिनेचं की परफेक्ट (कण्याला चिकटवलेलं), आणि ब्लीड (कटिंगसाठी कडेबाहेर वाढवलेलं चित्र) किती लागतं. येताना कोरे कागद दुमडून केलेली डमी आणा, पेन्सिलनं पानांचे आकडे टाकून. डमी हातात असली की काउंटरवरचा माणूस चहासुद्धा सांगतो, असा माझा अनुभव आहे.

जपानी मांगाचं माप बी ५ असतं म्हणे. तेच घेऊ का?

जपानमध्ये मासिकाचं पान बी ५ असतं, म्हणजे १८२ × २५७ मिमी. नंतर निघणारी सुटी पुस्तकं त्याहून लहान असतात, बी ६ म्हणजे १२८ × १८२ च्या आसपास. तिथले व्यावसायिक चित्रकार छापील पानापेक्षा मोठ्या, बी ४ कागदावर काढतात आणि ते लहान करून छापलं जातं. हौशी मंडळी ए ४ कागदावर बी ५ ची चौकट आखून काढतात. सॉफ्टवेअरमधले तयार साचे याच मापांचे असतात, म्हणून आपल्या पोरांच्या फाइल्स हमखास बी ५ मध्ये येतात.

अडचण आपल्या तावात आहे. आपल्याकडे क्राउनचा ताव २० × ३० इंच. त्याचे आठ तुकडे केले की एक पान साडेसात × दहा इंच, म्हणजे १९०.५ × २५४ मिमी. बी ५ ची उंची २५७. कटिंगचं राहू द्या, नुसतं पानच तीन मिमी बाहेर जातं. ए ५ ची तीच गत. डबल डेमीचा ताव २३ × ३६ इंच. त्याची सोळा पानं पाडली की रुंदी पावणेसहा इंच, म्हणजे १४६ मिमी. ए ५ ला १४८ लागतात. दोन मिमीसाठी अख्खा ताव वाया. ए ५ च हवं असेल तर २५ × ३६ चा कागद मागवावा लागतो. तो मिळतो, पण तुमचं काम त्या गाडीची वाट बघत पडून राहतं.

माझं मत सरळ आहे: पहिलं पुस्तक एक अष्टमांश डेमीत करा (हे नाव डबल नव्हे, निम्म्या डेमी तावावरून). कापून झाल्यावर साडेपाच × साडेआठ इंच, म्हणजे १४० × २१६ मिमी. मराठी कथा-कादंबऱ्या याच मापात निघत आल्या आहेत, त्यामुळे कागद, कटिंग, बायंडिंग सगळ्याला हात बसलेला असतो. हे पान बी ५ पेक्षा उभट आहे हे मात्र लक्षात ठेवा. बी ५ मध्ये काढलेलं पान रुंदीला १४० वर आणलं तर उंची जेमतेम १९८ भरते आणि १८ मिमीची पांढरी पट्टी उरते. ती पट्टी बघून पोरं म्हणतात, “ताई, थोडं खेचून घ्या ना.” खेचलं की तुमच्या नायकाचं तोंड दुधी भोपळ्यासारखं होतं.

मग कॅनव्हास नेमका केवढा? ३०० डीपीआय पुरेल ना?

३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल, रंगीत फोटोला पुरेल. शाईच्या रेघेला नाही. रंगीत किंवा करडं चित्र छापताना मशीनसाठी त्याचे बारीक ठिपके केले जातात, त्यामुळे ३०० ते ३५० ला भागतं. निव्वळ काळ्या रेघेचे असे ठिपके होत नाहीत. तुमचा पिक्सेल जसा आहे तसा प्लेटवर उतरतो. ३०० वर त्याची पायरी डोळ्याला दिसते. ६०० वर एक पिक्सेल ०.०४२ मिमीचा होतो, तो दिसत नाही. १२०० घेतलंत तर उत्तमच, पण साधा टॅब धापा टाकतो.

डेमीसाठी आकडे असे: कापलेलं पान १४० × २१६, चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड धरून १४६ × २२२ मिमी, आणि ६०० डीपीआयला ३४४९ × ५२४४ पिक्सेल. फाइल जड होईल ही भीती खरी आहे, पण अर्धीच. हेच पान पूर्ण रंगात ठेवलं तर कॉम्प्रेशनशिवाय ५४ एमबी भरतं. निव्वळ काळ्या-पांढऱ्यात सव्वादोन.

मी सगळं आधीच इन्स्टाग्रामच्या मापात काढून बसलोय. काही उपाय?

१०८० पिक्सेल रुंदीचं चित्र १४० मिमीवर पसरलं की १९६ डीपीआय उरतात. सॉफ्टवेअरमध्ये आकडा ६०० केल्यानं रेघ धारदार होत नाही, फक्त पिठलं पातळ होतं. उपाय एकच: ते चित्र मोठं करून फिकट निळ्या रंगात खालच्या लेयरवर ठेवा आणि नव्या कॅनव्हासवर पुन्हा शाई करा. रचना, भाव, संवाद ठरलेले असतात, त्यामुळे दुसऱ्यांदा हात भराभर चालतो. रडत बसण्यापेक्षा हे बरं.

ब्लीड, कटिंगची रेघ, आतली चौकट: यातलं काय कुठे?

कटिंग मशीनमध्ये पुस्तकांची चवड एकदम कापली जाते आणि पातं एखाद मिमी इकडेतिकडे जातं. म्हणून जे चित्र पानाच्या कडेपर्यंत जायला हवं ते कडेच्या ३ मिमी बाहेरपर्यंत काढा. हे ब्लीड. आणि जे कापलं जाता कामा नये ते, म्हणजे चेहरे आणि फुगे, कडेपासून किमान ७-८ मिमी आत ठेवा. जपानी हौशी साच्यात बी ५ पानाला आतली चौकट १५० × २२० ची असते. म्हणजे दोन्ही बाजूंना १६-१६ मिमी. ते प्रमाण बघून ठेवण्यासारखं आहे.

बायंडिंगच्या बाजूला आणखी जागा सोडा. परफेक्ट बायंडिंगचं पुस्तक पूर्ण उघडत नाही, आतले दहा-बारा मिमी वाचकाला मान वाकडी करूनच दिसतात. आणि चौकटीची रेघ नेमकी कटिंगच्या रेघेवर कधीच नको. एकतर स्पष्ट आत, नाहीतर स्पष्ट बाहेर. रेघेवर आखलेली चौकट एका प्रतीत जाड, दुसरीत बारीक आणि तिसरीत गायब असते.

“मोनोक्रोम करून आणा” असं प्रेसवाले म्हणतात. माझं चित्र काळं-पांढरंच तर आहे!

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुम्हाला काळं-पांढरं दिसतं ते बहुतेक वेळा काळं, पांढरं आणि मधले अडीचशे करडे असतं. पेनचं अँटी-एलियासिंग चालू असेल तर रेघेच्या दोन्ही कडांना करड्या पिक्सेलची झालर लागते. स्क्रीनवर त्यामुळेच रेघ गुळगुळीत वाटते. पण आमच्या मशीनमध्ये करडी शाई नसते. एक काळी शाई, बस. करडं दाखवायचं म्हणजे काळ्याचेच छोटे ठिपके टाकायचे, आणि प्लेट काढणारं सॉफ्टवेअर ते आपोआप करतं. मग त्या झालरीचेही ठिपके होतात. दहापट दाखवणारं भिंग ठेवून अशी छापलेली रेघ मी पोरांना दाखवते: रेघ नसते, केसाळ सुरवंट असतो. त्याच्याच शेजारी मोनोक्रोममधली रेघ ठेवली की वस्तऱ्यानं कापल्यासारखी दिसते. भिंगातून एकदा बघितलेलं पोरगं पुन्हा तसली फाइल आणत नाही.

मोनोक्रोम म्हणजे प्रत्येक पिक्सेलला दोनच पर्याय, काळा किंवा पांढरा. क्लिप स्टुडिओ पेंटमध्ये पान उघडतानाच रंगपद्धत मोनोक्रोम निवडता येते आणि पेनचं अँटी-एलियासिंग बंद करता येतं. दुसऱ्या ॲपमध्ये काढत असाल तर शेवटी फोटोशॉपमध्ये आधी ग्रेस्केल, मग बिटमॅप, पन्नास टक्के थ्रेशोल्ड (त्याहून गडद ते काळं, फिकट ते पांढरं). गिंप, क्रिटा या फुकटातल्या सॉफ्टवेअरमध्येही थ्रेशोल्ड आहे. थ्रेशोल्ड मारल्यावर बारीक केस, पापण्या तुटल्या का ते पूर्ण मोठं करून बघा. तुटले असतील तर ती रेघ मुळातच काळी नव्हती, फिकट होती.

वॉशसारखं मऊ करडं ज्यांना मनापासून हवं आहे त्यांनी ग्रेस्केलमध्ये फाइल द्यावी; तेही चालतं. पण मग ठिपक्यांचे टोन (करड्याचा भास देणारी तयार ठिपक्यांची जाळी) वापरू नका. एकतर ठिपके मोनोक्रोममध्ये, नाहीतर खरं करडं ग्रेस्केलमध्ये. ठिपके आणि करडी झालर एका पानात आली की पुढचा प्रश्न उभा राहतो.

छापल्यावर टोनच्या जागी चौकडीचा कपडा दिसतो. तो कुठून येतो?

त्याला मॉअरे म्हणतात आणि मी तो स्वतः छापून घेतलाय. माझ्या पहिल्यावहिल्या सोळा पानी कॉमिकमध्ये भरीत पार्टीचं पान होतं. शेतात पऱ्हाटीचा जाळ, त्यावर भरताची वांगी आणि वर चढत जाणारा धूर. धुराला मी ६० लाइनचा (इंचाला ठिपक्यांच्या ६० ओळींचा) टोन टाकला होता, बी ५ मध्ये. मग पान डेमीवर बसवायला सगळं चित्र लहान करून ७७ टक्क्यांवर आणलं. स्क्रीनवर छान दिसत होतं. छापून आलं तेव्हा धुराऐवजी आकाशात कुणीतरी लुंगी वाळत घातल्यासारखं दिसत होतं. चुलतभाऊ अजून विचारतो, “तो लुंगीचा सीन कुठेय गं?”

झालं असं: ६०० डीपीआयला ६० लाइन म्हणजे एक ठिपका बरोब्बर दहा पिक्सेलच्या घरात बसतो. लहान केल्यावर ते घर ७.७ पिक्सेलचं झालं. पिक्सेल अर्धा होत नाही, म्हणून काही ठिपके सातच्या घरात बसले, काही आठच्या, आणि कडांना करडं आलं ते वेगळंच. त्या करड्यावर प्लेटच्या सॉफ्टवेअरनं स्वतःचे ठिपके चढवले. एका जाळीवर दुसरी जाळी ठेवली की जी नक्षी दिसते तीच ही. मच्छरदाणी दुहेरी करून दिव्याकडे धरून बघा.

म्हणून टोन टाकल्यावर पानाचं माप बदलायचं नाही. बदलावंच लागलं तर टोन काढून नव्या मापात पुन्हा टाकायचे. क्लिप स्टुडिओमध्ये टोनचा लेयर जिवंत ठेवला, रास्टराइझ केला नाही (पिक्सेलमध्ये गोठवला नाही), तर हे दोन मिनिटांचं काम आहे. आणि एका टोनवर दुसरा टोन चढवून गडद करायचा मोह टाळा. सरळ गडद टक्क्याचा टोन घ्या.

किती लाइनचा, किती टक्क्यांचा टोन सुरक्षित?

६०० ला पूर्ण भाग जाणारा आकडा: ६० किंवा ५०. साध्या मॅपलिथो कागदावर यापुढे जाऊ नका. कागद शाई पितो, ठिपका फुगतो. १० टक्क्यांखालचा ठिपका प्लेटवर टिकेलच असं नाही आणि ६०-७० च्या पुढचा भरून काळा होतो. १० ते ५० मध्ये खेळा.

ट्रेसिंगवरून प्लेट काढणाऱ्या बेबी ऑफसेटवाल्याकडे (छोट्या मशीनवाल्याकडे) जात असाल तर ५० च. तिथे तुमचं पान लेझर प्रिंटरवर बटर पेपरवर काढतात आणि तो कागद प्लेटवर ठेवून उजेड मारतात. ट्रेसिंग उलटी, आरशातल्यासारखी काढायला सांगा. म्हणजे टोनरची बाजू प्लेटला चिकटते. सुलटी काढली तर मधे कागदाची जाडी येते आणि बारीक ठिपके उजेडात विरघळतात. लहान गावातला प्रेसवाला हे जाणतो, पण घाईत विसरतो.

मांगा उजवीकडून डावीकडेच वाचायला हवं ना?

जपानी मजकूर उभ्या ओळींत उजवीकडून सुरू होतो, म्हणून त्यांचं पुस्तक उजवीकडून उघडतं. मराठी डावीकडून वाचतात. फुग्यातलं वाक्य डावीकडून आणि फुगे उजवीकडून, असा डोळ्यांचा व्यायाम वाचकाला कशाला? मी तरी डावीकडूनच करा म्हणते. पण हे तुमचं पुस्तक आहे. उजवीकडून करायचंच असेल तर पहिल्या चौकटीआधी ठरवा. नंतर पानं आरशात उलटवली की सगळी माणसं डावखुरी होतात आणि दुकानाच्या पाट्या उलट्या.

उजव्या बाजूच्या बायंडिंगला बायंडर नाही म्हणेल अशी भीती बाळगू नका. उर्दू पुस्तकं तशीच बांधतात. बालभारतीचं उर्दू पाठ्यपुस्तक डमीसोबत नेऊन “असं” म्हणायचं, की काम झालं. फक्त पानांचा हिशेब फिरतो: डावीकडून उघडणाऱ्या पुस्तकात पान १ उजव्या हाताला येतं, उजवीकडून उघडणाऱ्यात डाव्या हाताला.

मराठी फुग्यात बसत नाही आणि जोडाक्षरं फुटतात. काय करू?

पहिली गोष्ट फुग्याची. जपानी फुगे उभे असतात कारण मजकूर उभा असतो. तेच उभे फुगे काढून त्यात मराठी कोंबली की एका ओळीत एक शब्द येतो आणि “महानगरपालिकेच्या” सारखा शब्द आला की संपलंच. फुगे आडवे काढा. आपल्या अक्षराला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, म्हणून ओळींत अंतरही जास्त लागतं. दहा पॉइंटच्या अक्षराला तेरा-चौदा पॉइंटची ओळ. नऊ पॉइंटच्या खाली जाऊ नका, आज्जीलाही वाचू द्या.

दुसरी गोष्ट फॉन्टची. चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये संवाद टाकण्याआधी एक चाचणी घ्या. टाइप करा: “पऱ्हाटीवर भाजलेलं भरीत, कळण्याची भाकरी आणि पुऱ्या”. पुऱ्याच्या जागी “पुर्या” दिसलं, किंवा “आणि” मधल्या “णि” ची वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली, तर ते सॉफ्टवेअर देवनागरीला योग्य नाही. चित्र तिथे काढा आणि अक्षरं दुसरीकडे बसवा. इंकस्केप फुकट आहे आणि देवनागरी नीट जुळवतं. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडल्याशिवाय जोडाक्षरं लागत नाहीत. अहिराणी संवाद लिहिणाऱ्यांनी तर ही चाचणी आधी करावी, कारण “काय करी ऱ्हायना” मधला चंद्रकोरीचा ऱ्ह पावलोपावली येतो.

फुकट आणि छापायला मोकळीक असलेले फॉन्ट पुष्कळ आहेत. “एक टाइप” या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे बालू आणि मुक्त मी नेहमी सुचवते. आरडाओरड्याला बालू चांगला फुगतो, साध्या बोलण्याला मुक्त. कलम हातानं लिहिल्यासारखा आहे, मनातल्या विचारांना शोभतो. फॉन्ट निवडताना “ल” आणि “श” बघा. हिंदी वळणाचा ल आणि मराठी ल वेगळा दिसतो. काही फॉन्टमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की आपला ल येतो. लहान गोष्ट आहे, पण वाचकाला कुठेतरी खुपते.

जुन्या श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेला मजकूर आणलात तर तो ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथे इंग्रजी अक्षरांचा खिचडा होतो. द्यायच्या आधी कर्व्हमध्ये बदला (म्हणजे अक्षरांचं चित्र होतं), मूळ फाइल घरी ठेवा. कर्व्ह केल्यावर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही, हे “आशिर्वाद” छापून गेल्यावर सगळ्यांना कळतं.

दोन पानांवर पसरलेलं मोठं चित्र कसं द्यायचं?

एकाच रुंद कॅनव्हासवर काढा, पण मधोमध काय येतंय ते बघा. धुळ्याच्या एका पोरानं कानबाईच्या मिरवणुकीचं सुंदर जोडपान आणलं होतं: डफ, फुगड्या, मागे नदी. डोक्यावर कानबाई घेतलेली बाई बरोब्बर मध्यात. परफेक्ट बायंडिंगमध्ये देवीच शिवणीत गेली असती. त्याला म्हटलं, बाईला चार बोटं डावीकडे सरकव. कुरकुरला, पण सरकवली.

जोडपान डावीकडच्या सम आकड्यापासूनच सुरू होईल हे डमीवर तपासा. मधे एक जाहिरात घुसवली की सगळी जोडपानं एकेक पान ढकलली जाऊन पाठीला पाठ लावून बसतात.

पानं किती असावीत?

पिनेच्या बायंडिंगला चारच्या पटीत. परफेक्टला फर्म्याच्या (एकत्र छापून दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या) हिशेबानं, म्हणजे सोळाच्या पटीत. ९६ पानं म्हणजे सहा फर्मे. १०० केलीत तर त्या चार पानांसाठी वेगळी प्लेट आणि वेगळी छपाई. चार पानं कापा, किंवा १२ वाढवा.

पिनेचं पुस्तक जाड झालं की मधली पानं पुढे सरकतात आणि कटिंगमध्ये जास्त कापली जातात. ०.१ मिमी जाडीच्या कागदाची ६४ पानं म्हणजे एकात एक घातलेले सोळा कागद. मधल्या पानाची दीड मिमीच्या आसपास कड जाते. पानांचे आकडे अगदी कडेला टाकणाऱ्यांनी हे वाचावं.

पूर्ण पानभर चित्र असेल तर आकडा कुठे टाकू?

बायंडिंगच्या बाजूला, अगदी आत, बारीक आकडा टाका. जपानी छापखाने प्रत्येक पानावर आकडा मागतात, उघडा टाकता येत नसेल तिथे असा लपवलेला. वाचकाला तो दिसत नाही, पण फर्मे जुळवणाऱ्या माणसाला दिसतो. तो तुमची गोष्ट वाचत नसतो. त्याच्यासमोर आकडा नसलेली आठ काळी पानं आली तर तो करणार काय?

कव्हरचा काळा रंग मातकट का आला?

कव्हर सीएमवायकेमध्ये (निळी, गुलाबी, पिवळी, काळी या चार शायांत), ३५० डीपीआय. स्क्रीनवरचा आरजीबी काळा बदलला की त्यात चारही शाया मिसळतात. मोठ्या काळ्या पट्ट्याला ते बरं दिसतं, पण चारींची बेरीज ३०० टक्क्यांवर गेली की शाई वाळत नाही, काळं मातकट होतं आणि वरच्या कागदाच्या पाठीला लागतं. अक्षरं आणि बारीक रेघा मात्र फक्त काळ्या शाईच्या १०० टक्क्यांत ठेवा. चार शायांचं बारीक अक्षर जरा हललं की त्याला निळी-गुलाबी सावली पडते. आणि आपल्याकडे ते हलतंच. मे महिन्यात जळगाव-भुसावळ ४५ अंशांच्या आसपास गेलं की कागद कोरडा पडून कडा वळतात. पावसाळ्यात तोच कागद ओल धरून ताणतो. घाई नसेल तर कव्हर दिवाळीनंतर छापा, असं मी गमतीनं म्हणते. पूर्ण गंमत नाही ती.

आतल्या काळ्या पानांचंही तेच. ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथोवर पानभर काळं छापलं की मागच्या पानावर त्याची छाया दिसते. ८० घ्या.

कण्याची रुंदी कशी काढू?

पानांची निम्मी संख्या गुणिले कागदाची जाडी. ९६ पानं म्हणजे ४८ कागद, ०.१ मिमीनं ४.८ मिमी. जीएसएमवरून अंदाज बांधू नका, एकाच जीएसएमचे दोन कागद जाडीला वेगळे असतात. प्रेसमधून त्याच कागदाचे शंभर तुकडे घेऊन दाबून मोजा. ५ मिमीच्या खाली कण्यावर नाव टाकू नका, घसरून पुढच्या कव्हरवर येतं.

फाइल कोणत्या स्वरूपात द्यावी?

आतली पानं मोनोक्रोम टिफ किंवा त्यांची पीडीएफ. जेपीजी नको, ती काळ्या रेघेभोवती करडी धूळ सोडते आणि मोनोक्रोमची सगळी मेहनत पाण्यात. पीडीएफ करताना “चित्रांचा आकार कमी करा” ही खूण काढा, नाहीतर ६०० चे ३०० होतात आणि कुणी सांगतही नाही. कव्हरसाठी पीडीएफ एक्स-१ए (छपाईसाठीचा पीडीएफचा प्रकार) मागतील. फाइलची नावं ००१, ००२ अशी. “फायनल”, “फायनल नवीन”, “खरंच फायनल” अशी तीन फोल्डरं पेनड्राइव्हवर आली की मी तिन्ही परत देते. आणि पानं व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. ते चित्र दाबून लहान करतं. पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून.

शंभरच प्रती हव्यात. ऑफसेट परवडेल?

नाही. प्लेटचा खर्च शंभर प्रतींवर बसतो. डिजिटल मशीनवर काढा. टोनर मोठ्या काळ्या भागात थोडा चमकतो, एवढं सोसा. चार-पाचशेच्या पुढे ऑफसेटचा विचार करा, आणि दोन्हीकडचे दर विचारूनच.

आयएसबीएन लागतो का? पैसे पडतात?

आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक. पुस्तकांच्या दुकानांतून आणि ऑनलाइन विकायचं असेल तर घ्या. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मिळतो, अर्ज ऑनलाइन, फी नाही. बारकोड पांढऱ्या पट्टीवर, फक्त काळ्या शाईत. पूर्ण माप साधारण ३७ × २६ मिमी. ८० टक्क्यांच्या खाली लहान करू नका. पाठच्या कव्हरवर ती जागा आधीच मोकळी सोडा. नंतर चिकटवलेला बारकोड नेहमी खलनायकाच्या तोंडावरच येतो.

प्रूफ मोबाइलवर बघून ओके दिलं तर चालेल?

शब्द तपासायला चालेल. रेघ आणि टोन तपासायला नाही. मोबाइल तुमचं पान लहान करून दाखवतो, त्यामुळे नसलेली चौकडी दिसते आणि असलेली लपते. एका टोनभरल्या पानाची १०० टक्के मापात लेझर प्रिंट काढा, कात्रीनं कापा, डमीत चिकटवा, हातभर अंतरावरून वाचा.

प्रेसमधल्या माणसानं माझी फाइल परस्पर “सुधारली” तर?

सुधारतात. मीही सुधारलेल्या आहेत. पान थोडं मोठं वाटलं की “फिट टू पेज” दाबलं जातं आणि ९७ टक्क्यांवर छापून तुमचे टोन गेलेच. त्यात द्वेष नसतो, मागे लग्नपत्रिकेवाला उभा असतो. म्हणून डमीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवा: “आतली पानं मोनोक्रोम, ६०० डीपीआय, १०० टक्के मापात. लहान-मोठं करू नये. ग्रेस्केल करू नये. ब्लीड ३ मिमी फाइलमध्ये आहे. पुस्तक डावीकडून उघडतं. शंका आल्यास आधी फोन करावा.” खाली नंबर, आणि तो फोन प्लेटच्या दिवशी चालू ठेवा.